पाच खाटा, नाडी ११०, वरचा बीपी १००: आधी कुणाकडे जायचं?

नवी_पाळी
नमस्कार ताई-दादा. जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) तिसरं वर्ष, नागपूर. वर्गात एक प्रश्न दिलाय आणि त्यावरून आमच्या बॅचमध्ये दोन तट पडलेत. पावसाळ्याचे दिवस, खाटा कमी, एकाच हॉलमध्ये सगळे पेशंट. ओव्हर (पाळीचा ताबा) घेताना पाच जणांच्या कागदावर नाडी ११० आणि वरचा बीपी १०० दिसतो.

खाट १: २६ वर्षं, नॉर्मल डिलिव्हरी होऊन १ तास. १००/६०.
खाट २: ७० वर्षांचे आजोबा, बीपीचे जुने पेशंट, ताप-खोकला तीन दिवस, आज ताप नाही. १००/५६.
खाट ३: ४ वर्षांचं मूल, १४ किलो, जुलाब-उलट्या. १००/६४.
खाट ४: १९ वर्षांची मुलगी, सिकलसेल एसएस (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात तो जन्मजात आजार), कंबर-पाय दुखतात. १००/६०.
खाट ५: ३४ वर्षांचा, डेंग्यूचा पाचवा दिवस. ताप उतरला, घरचे म्हणतात आता बरं वाटून राहिलं. १००/८२.

न्यूज-२ (पेशंट किती बिघडलाय ते मोजायचा गुणांचा तक्ता) लावला तर नाडीचा १ आणि बीपीचे २, बाकी नॉर्मल धरलं तर प्रत्येकाचे ३ गुण. मग आधी कुणाकडे जायचं, आणि काऊन? नुसता क्रम नको, खाटेजवळ जाऊन हात कुठे लावायचा ते सांगा.

आयसीयू_नाईट
गुणांचं आधी निस्तरू. न्यूज-२ सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि गरोदर बाईसाठीही नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस शरीर गरोदरपणाचंच असतं, म्हणून खाट १ आणि ३ चे ३ गुण खोडून टाका. दुसरं म्हणजे हा तक्ता फक्त वरचा बीपी बघतो. खाट ५ चा सगळा धोका खालच्या आकड्यात आहे, तो त्याला दिसतच नाही. तिसरं, आजोबांचा रोजचा बीपी किती हे त्याला ठाऊक नाही. तक्ता वापरा, पण तो कोणासाठी बनवलाय ते आधी बघा.

माझा क्रम १, ५, २, ४, ३. मात्र हा कागदावरचा क्रम झाला. पाचही खाटांवरून चालत जायला दीड मिनिट लागतं. त्यात चारच गोष्टी बघायच्या: चेहरा (जागा आहे का, तुमच्याकडे बघतो का), श्वास, हाताचा पंजा (गार की गरम, ओला की कोरडा) आणि चादर (रक्त, उलटी, लघवी). या फेरीत कुणी गार, घामेजलेला, डोळे न उघडणारा दिसला तर माझा क्रम मोडा आणि तिथेच थांबा.

एक कळकळीची विनंती. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाच्या चुकीचे चार होतात. मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतोय असं दाखवत त्याचं मनगट धरून त्याच्याच छातीवर ठेवा आणि छाती बघा. पूर्ण वॉर्डच्या चार्टवर श्वास २० लिहिलेला असेल तर श्वास कुणी मोजलेला नाही असंच धरा. बिघडणाऱ्या माणसात सगळ्यात आधी हलतो तो हाच आकडा. बीपी शेवटी पडतो.

लेबररूम_ताई
क्रम बरोबर आहे, खाट १ पहिली. कारण सांगते. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. त्या साठ्यामुळे धडधाकट बाळंतीण एक लिटर रक्त जाईपर्यंतही बीपी धरून ठेवते आणि मग एकदम कोसळते. म्हणून तिच्यात बीपीची वाट बघायची नाही. नाडी भागिले वरचा बीपी करा. ११० भागिले १०० म्हणजे १.१. बाळंतिणीत हा आकडा ०.९ किंवा वर गेला की रक्त कुठेतरी जातंय असं धरून शोधायला लागायचं.

हात कुठे लावायचा? पोटावर. बेंबीच्या आसपास गर्भाशय क्रिकेटच्या चेंडूसारखं टणक लागलं पाहिजे. पिठाच्या गोळ्यासारखं मऊ लागलं, किंवा बेंबीच्या वर चढून एका बाजूला सरकलेलं लागलं, तर दोन कारणं आधी बघा: गर्भाशय सैल पडलंय, किंवा मूत्राशय भरलंय. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही. तिला लघवी करायला लावा, नाही झाली तर कॅथेटर टाका. सोबत गोल गोल चोळा. चोळताना एक हात खाली, ओटीपोटाच्या तळाशी समोर लागणाऱ्या हाडाच्या (प्यूबिक बोन) वर टेकवून ठेवायचा, गर्भाशय खाली ढकलायचं नाही.

मग तिला कुशीवर वळवा. पाठीखाली साचलेलं रक्त समोरून दिसत नाही. पॅड वजनकाट्यावर ठेवा, कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरायचं. डोळ्यांनी केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो. नॉर्मल डिलिव्हरीत ५०० मिली म्हणजे पीपीएच (बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव). पण ॲनिमिया असलेल्या बाईला त्याहून कमी रक्त गेलं तरी ती शॉकमध्ये जाते, आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन ८-९ असलेल्या बाळंतिणी काही कमी नाहीत.

गर्भाशय टणक आहे आणि रक्त तरी चालूच आहे, तर फाटलंय कुठे ते बघायला डॉक्टर हवेत. रक्त दिसत नाही, पण ती म्हणते 'खाली लई दाटून आलं, संडासला लागल्यासारखं वाटून राहिलं', तर आत हिमॅटोमा (साचलेल्या रक्ताची गाठ) असू शकतो. हे वाक्य ऐकून बेडपॅन देऊन मोकळं व्हायचं नाही. आधी टाक्यांची जागा बघायची.

मदतीला हाक मारली की एकाच वेळी: १६ किंवा १८ नंबरच्या दोन सुया (करडी किंवा हिरवी; निळी २२ नंबर इथे कामाची नाही), लावतानाच क्रॉसमॅचचं (रक्त जुळवून बघायचं) रक्त काढून घ्यायचं, आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) सुरू, ऑर्डरप्रमाणे ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) २० युनिट १ लिटर आरएलमध्ये मिनिटाला ६० थेंबांनी. ऑक्सिटोसिन पातळ न करता शिरेतून एकदम सोडू नका, बीपी धाडकन पडतो. ट्रॅनेक्सा (ट्रॅनेक्सामिक ॲसिड, रक्तस्राव थांबवायला) १ ग्रॅम सावकाश १० मिनिटांत, प्रसूतीपासून ३ तासांच्या आत; उशीर झाला की त्याचा उपयोग झपाट्याने घटतो. मेथर्जिन (तेही गर्भाशय आवळणारंच) हातात घेण्याआधी बीपीचा कागद बघा, बीपी वाढलेल्या बाईला ते द्यायचं नाही. त्याच कामाच्या कार्बोप्रोस्टआधी दम्याचं विचारा.

नागपूरकरांसाठी आणखी एक. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आहे. मे महिन्यात ट्रॉलीच्या ट्रेमध्ये दिवसभर पडलेली अँप्यूल दिसायला तशीच असते, ताकद मात्र कमी झालेली असते. 'इंजेक्शन देऊनही गर्भाशय आवळत नाही' याचं एक कारण फ्रीजच्या बाहेर असू शकतं. पाळीला लागतील तेवढ्याच अँप्यूल बाहेर काढा, आणि बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नका.

नवी_पाळी
ताई, पॅडचं वजन करायचं हे लिहून घेतलं. पण डेंग्यूवाला काऊन दुसरा? त्याचा ताप तर उतरला, तो स्वतः बोलून राहिला, आणि प्लेटलेट ६२ हजार. आमच्या अर्ध्या बॅचने त्याला शेवटी टाकलंय.

मेडिसिन_ब्रदर
त्याला शेवटी टाकणं हीच या प्रश्नातली खरी खोट आहे. डेंग्यूत ताप उतरताना धोका सुरू होतो. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप खाली येतो त्याच सुमारास, रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि हे २४ ते ४८ तास चालतं. घरचे त्याच दिवशी विचारतात, 'सुट्टी कधी देता जी?'

आता बीपी बघा. १००/८२. वरच्यातून खालचा वजा केला तर १८ उरतात. डेंग्यूत हा फरक २० किंवा कमी झाला की तो शॉक समजायचा, वरचा आकडा १०० असो की ११०. पाणी झिरपलं की शरीर रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे खालचा बीपी वर चढतो आणि वरचा काही वेळ टिकून राहतो. पेशंट शुद्धीवर असतो, बोलतो, आणि तिथेच आपण फसतो.

हात कुठे? तळपाय आणि तळहात. गार, चिकट असतील, नख दाबून सोडल्यावर लाली परत यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर हा कॉल पाच मिनिटांचा आहे. मग विचारा: पोट दुखतं का, उलट्या थांबतात का, हिरड्या-नाक-संडासातून रक्त, शेवटची लघवी केव्हा. चुळबूळ करणारा किंवा अचानक सुस्त झालेला डेंग्यूचा पेशंट 'झोपेला आला' म्हणून सोडायचा नाही.

प्लेटलेटबद्दल. नातेवाईकांचं सगळं लक्ष पेशींवर असतं, पण झिरपणं कळतं हिमॅटोक्रिटवरून (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के). पेशी उतरतायत आणि हिमॅटोक्रिट चढतंय, हा जोड धोक्याचा. काल ४० होतं आणि आज ४७ असेल तर रक्त घट्ट झालंय. उलट सलाईन चालू असताना हिमॅटोक्रिट एकदम पडलं आणि नाडी वाढली, तर आत कुठेतरी रक्तस्राव आहे. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १० हजारांच्या खाली जाईपर्यंत नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवत नाहीत. घरच्यांना सांगायचं तर 'पेशींपेक्षा लघवी आणि बीपी महत्त्वाचा, त्याची नोंद आपण दोघं मिळून ठेवू' असं म्हणून त्यांच्या हातात मोजायचं भांडं द्या. त्यांची काळजीही कामाला लागते.

स्नायूत इंजेक्शन नको, डायक्लोफिनॅक-ब्रुफेन नको. दर तासाला नाडी, बीपीचे दोन्ही आकडे, श्वास, लघवी. सलाईन ऑर्डरप्रमाणे, पण शॉकमध्ये चढवलेला वेग तसाच रात्रभर चालू ठेवू नका. झिरपणं थांबलं की बाहेर गेलेलं पाणी रक्तात परततं. तेव्हा श्वास वाढला, खोकला लागला, पापण्या सुजल्या, तर सलाईन बंद करून कॉल द्यायचा. आधीच्या दिवशी जीव वाचवणारी बाटलीच दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी करते.

बालवॉर्ड
खाट ३ बद्दल. चार वर्षांच्या जाग्या मुलाची नाडी ८० ते १२० असते, रडलं किंवा ताप असला तर आणखी वर. एक ते दहा वर्षांत वरचा बीपी निदान ७० अधिक वयाची दुप्पट हवा, म्हणजे इथे ७८. त्यामुळे ११० आणि १०० हे दोन्ही आकडे या पोराला शोभतात. पाच जणांत आकड्यांनी निर्धास्त असा हा एकटाच. तरी आकड्यांवर सोडायचं नाही, कारण मुलांचा बीपी अगदी शेवटच्या टप्प्यात पडतो.

बघायचं काय? डोळे खोल गेलेत का. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते की सावकाश. २ सेकंदांहून जास्त लागले तर तीव्र कोरडेपणा. पाणी पुढे केलं की अधाशासारखं पितं की तोंडच उघडत नाही. किरकिरं पोट्टं आणि निपचित पोट्टं यातलं निपचित जास्त धोक्याचं. पूर्ण वॉर्ड डोक्यावर घेणाऱ्या मुलाचा श्वासमार्ग मोकळा आहे एवढं तरी नक्की कळतं.

थोडा कोरडेपणा असेल तर ओआरएस ७५ मिली दर किलोला, ४ तासांत: १४ गुणिले ७५, म्हणजे साधारण १ लिटर ५० मिली. वाटी-चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी चमचा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. बाटलीने गटागट पाजलं की उलटी ठरलेलीच. पाकीट १ लिटरचं असेल तर पूर्ण १ लिटरमध्येच. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट टाकलं की मिठाचं प्रमाण घातक होतं. सोबत झिंक २० मिग्रॅ रोज, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. फार कुपोषित मूल असेल तर हा सगळा हिशोब वेगळा. त्याला सलाईन धो-धो सोडायचं नाही आणि कातडीच्या चिमटीवर विश्वासही ठेवायचा नाही.

जलद श्वासाची हद्द मुखोद्गत हवी: २ महिन्यांखाली मिनिटाला ६०, २ ते १२ महिने ५०, १ ते ५ वर्षं ४०. या आकड्याला पोचलं की जलद. मूल शांत असताना, अंगातलं काढून, पूर्ण मिनिट.

ताप आला तर पॅरासिटामॉलच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. १५ मिग्रॅ दर किलो, म्हणजे याला २१० मिग्रॅ. १२५ च्या (५ मिलीत १२५ मिग्रॅ) सिरपचे ८.४ मिली, २५० च्या सिरपचे ४.२ मिली, आणि ड्रॉप्स (१ मिलीत १०० मिग्रॅ) २.१ मिली. सिरपच्या हिशोबाने ड्रॉप्स ओतले तर पोराच्या पोटात ८४० मिग्रॅ जातात, चौपट. घरी पाठवताना आईला मिलीत सांगा आणि त्याच बाटलीच्या मापावर पेनाने रेघ मारून द्या. 'एक चमचा' म्हणजे प्रत्येक घरचा चमचा निराळा.

विदर्भ_सिकलसेल
खाट ४ ला 'दुखतंय म्हणून नाडी वाढली' असा शेरा मारून पुढे जाऊ नका. दुखण्याने नाडी वाढते हे खरं, पण ते सगळं बघून झाल्यावर लिहायचं. एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन, टक्क्यांत) नेहमीपेक्षा ३ ने जरी खाली आला, छातीत दुखतं म्हणाली, खोकला-ताप आला, श्वास २४-२५ झाला, तर हा ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलसेलमध्ये फुप्फुसाचा अचानक बिघाड) समजून कॉल. ताप १०१.३ फॅरनहाइट किंवा वर म्हणजे तातडी, कारण एसएसमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि जंतुसंसर्ग तासातासाने पसरतो.

हिमोग्लोबिन ७.५ बघून घाबरू नका, आधीचा कागद मागा. तिचं नेहमीचंच ७.५ असेल तर ठीक. नेहमी ९ आणि आज ६.५ असेल तर काहीतरी घडलंय. लहान मुलात अचानक पांढरंफटक पडणं आणि डाव्या बाजूला पोट वाढणं म्हणजे प्लीहेत रक्त अडकलंय. ते मिनिटांचं काम आहे. म्हणून आईला घरी प्लीहा चाचपायला शिकवा.

दुखण्याचं औषध घड्याळावर द्यायचं, 'मागितलं की' नाही. दिल्यावर ३० मिनिटांनी पुन्हा १० पैकी किती ते विचारून लिहायचं. हसते, मोबाईल बघते, म्हणून दुखत नाही असं ठरवू नका. लहानपणापासून दुखणं सोसलेली माणसं विव्हळत नाहीत. मॉर्फिन-ट्रॅमाडॉल चालू असेल तर श्वास आणि गुंगी दोन्ही बघा, श्वास १० च्या खाली गेला तर पुढचा डोस थांबवून डॉक्टर. शेक गरम द्या. बर्फ नको, गारठ्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि पेशी आणखी अडकतात. स्पायरोमीटर (खोल श्वास घ्यायला लावणारं साधन) जागेपणी दर २ तासांनी १० श्वास; कंबर-बरगड्या दुखतात म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही आणि तिथूनच छातीचा त्रास सुरू होतो. पाणी भरपूर, पण सलाईन बेहिशोबी नको, त्यानेही छाती भरते.

शिकवणारी_मॅडम
आता आजोबा, खाट २. त्यांचा घरचा बीपी विचारा. १६० असेल तर आजचे १०० म्हणजे ६० ने घसरलेत. नेहमीपेक्षा ४० ने घसरणं हाच लो बीपी. ताप नाही याचा आनंद नको, म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. उलट ९६ फॅरनहाइटच्या आसपास गार पडलेला म्हातारा जास्त धोक्यात. घरच्यांचे शब्द ऐका: 'काल पासून गप्प आहेत', 'जेवत नाहीत', 'बडबडून राहिले', 'चड्डीत लघवी झाली'. नवीन गोंधळ म्हणजे न्यूज-२ मध्ये एकट्याचे ३ गुण. त्यांना आजचा वार, मुलाचं नाव, कुठे आहात हे विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहा. 'कॉन्शस, ओरिएंटेड' असा शिक्का नको.

गोळ्यांची पिशवी मागवा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी गोळी असेल तर नाडी ११० ला पोचणंही त्यांना जड जातं. अशा माणसाची नाडी शॉकमध्येही ८० राहू शकते, म्हणजे ८० बघूनही निर्धास्त व्हायचं नाही. याच गोळ्या साखर उतरल्यावरची धडधड आणि हाताचा कंप झाकतात, घाम मात्र येतो. ग्लायमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड (साखर उतरवायच्या गोळ्या) असेल तर आधी बोट टोचून साखर. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नको, शिरेतून डेक्स्ट्रोज. साखर वर आली म्हणून रात्री त्यांच्यावरची नजर हटवू नका. या गोळ्या अंगात रेंगाळतात, किडनी थकलेली असेल तर दिवसभर, आणि साखर पहाटे पुन्हा उतरते.

बीपीचा कफही (दंडाला गुंडाळायचा पट्टा) बघा. हाडकुळ्या दंडावर मोठा कफ बीपी खोटा कमी दाखवतो, जाड दंडावर लहान कफ खोटा जास्त. आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी.

आणि स्पंजिंग करताना काखा, जांघा, कमरेची घडी, कानामागे, बाईमाणसाच्या स्तनाखाली बघत जा. दुखत नाही, खाजत नाही, सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर लगेच सांगा, स्क्रब टायफस असू शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात याची साथ आली होती. शेतात, गवतात काम करणाऱ्यांना बारीक किड्याच्या चाव्यातून होतो, आणि नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं. ती खपली डॉक्टरांच्या राउंडमध्ये कपड्याखाली राहते. अंग पुसणाऱ्या सिस्टरलाच ती दिसू शकते.

उपकेंद्र_एएनएम
मॅडम, ताई, आमच्याकडे हॉल नाही, एकच टेबल. खाट १ ला उलटं असतं, बीपी १७०/११० आणि डोकं दुखून राहिलं, तर रेफर करण्याआधी मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट, फिट रोखायचं इंजेक्शन) हिशोब एकदा नीट लिहा ना जी. अँप्यूल किती फोडायच्या यातच गोंधळ होतो.

लेबररूम_ताई
लिहिते. अँप्यूलवर '५० टक्के, २ मिली' असेल तर एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. रेफर करण्याआधीचा पहिला डोस १० ग्रॅम: प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, म्हणजे ५ अँप्यूल, १० मिली. तसे दोन सिरिंज. लांब सुई, खोल स्नायूत, वरच्या बाहेरच्या चतकोरात. फार दुखतं, तिला आधी सांगा. ऑर्डर असेल तर त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन १ मिली. टक्केवारी वाचल्याशिवाय अँप्यूल मोजू नका.

मोठ्या दवाखान्यात शिरेतून ४ ग्रॅम देतात, तेव्हा ५० टक्केवाल्या ८ मिलीत १२ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून २० मिली करायचं. तसंच घट्ट शिरेत सोडायचं नाही.

पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी: गुडघ्याचा झटका येतो का (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का), श्वास १६ किंवा वर आहे का, गेल्या ४ तासांत लघवी १०० मिली तरी झाली का. एक जरी नसेल तर डोस थांबवा. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, लघवी कमी झाली की अंगात साठतं. आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के १० मिली, सावकाश शिरेतून. तो ट्रेमध्ये आधीच काढून ठेवा. ॲम्ब्युलन्समध्ये तिला डाव्या कुशीवर झोपवा. रेफर चिठ्ठीवर डोस, जागा आणि घड्याळाची वेळ मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर पुढच्या दवाखान्यात पहिला डोस पुन्हा पडतो.

मेडिसिन_ब्रदर
याच प्रश्नात मे महिना घाला, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) घाला, आणि सहावी खाट: रस्त्याच्या कामावरचा मजूर, अंग तापलेलं, असंबद्ध बोलून राहिला. १०४ च्या वर ताप आणि डोक्यावर परिणाम म्हणजे उष्माघात. घाम आहे म्हणून उष्माघात नाही असं नाही, कष्टाचं काम करणाऱ्याला घाम चालूच असतो. काखेतलं थर्मामीटर खरं तापमान कमी दाखवतं, रेक्टल घ्या. पाऱ्याचं थर्मामीटर ४५ अंशांच्या खोलीत ठेवलेलं असेल तर पारा लावण्याआधीच वर चढलेला असतो, झटकून बघितल्याशिवाय लावू नका.

पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा तापच वेगळा. वर यकृतावर ओझं. कपडे काढा, अंगावर पाणी मारा, कूलर-पंखा थेट अंगावर, बर्फाच्या पिशव्या मान, काखा, जांघेत. ३० मिनिटांत खाली आणायचं, १०२ च्या आसपास आलं की थांबवा, नाहीतर जास्त गार पडतो. अर्धवट शुद्धीत तोंडाने पाणी नको. साखर तपासा. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर स्नायू विरघळतायत, किडनी धोक्यात, लगेच कळवा.

नवी_पाळी
सहाव्या खाटेवर सिकलसेलचाच मजूर असला तर? गार करायचं की बर्फ टाळायचा?

विदर्भ_सिकलसेल
गार करायचं, आणि लगेच. उष्माघात मिनिटांत मेंदू जाळतो, शिवाय तो ताप आणि कोरडेपणा सिकलिंगही वाढवतो. फरक एवढाच: बर्फापेक्षा पाण्याचे फवारे आणि पंख्यावर भर द्या, कुडकुडणं सुरू होऊ देऊ नका, सलाईन लवकर लावा, ऑक्सिजन तयार ठेवा. तो सिकलसेलचा आहे हे कॉलच्या पहिल्या वाक्यात सांगा.

आयसीयू_नाईट
कॉलचं निघालंच आहे तर. 'सर, खाट ५ चा बीपी कमी वाटतो' यावर उत्तर येतं, 'बघतो'. त्याऐवजी: 'सर, खाट ५, डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप सकाळी उतरला. बीपी १००/८२, फरक १८. नाडी ११०, तळपाय गार, नखाची लाली ४ सेकंदांनी येते, ६ तासांत लघवी नाही. मला हा शॉक वाटतो. १८ नंबरची लाईन लावली आहे, हिमॅटोक्रिट पाठवलं आहे. सलाईन किती चालू करू, आणि तुम्ही ५ मिनिटांत येता का?' आकडे, स्वतःचं मत, केलेलं काम, मागणी, या क्रमाने. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवा: 'आरएल, तासाला अमुक मिली, बरोबर?' कॉलची वेळ नोट्समध्ये. १० मिनिटांत कुणी आलं नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन, तीही वेळ लिहायची. यात कुणाचा अपमान होत नाही.

नवी_पाळी
शेवटचं विचारते. डेंग्यूवाला ६० किलोचा आहे, सरांनी दर किलोला ७ मिली दर तासाला सांगितलं. पंप नाही, नुसता ड्रिप सेट. थेंब किती?

बालवॉर्ड
६० गुणिले ७, तासाला ४२० मिली. साध्या सेटला १ मिलीचे २० थेंब, म्हणून ४२० गुणिले २० भागिले ६०, मिनिटाला १४० थेंब. एवढे थेंब डोळ्यांनी मोजता येत नाहीत, धारच दिसते. म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळेच्या रेघा मारा: ५०० मिलीतून दर १५ मिनिटांना १०५ मिली उतरलं पाहिजे. सेटच्या पाकिटावर '१ मिली = २० थेंब' लिहिलंय का तेही बघा, १५ वालेही मिळतात; त्यात तेच १०५ थेंब होतात. मुलांच्या मायक्रोड्रिपला १ मिलीचे ६० थेंब, तिथे तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब एकच आकडा. तास संपला की बाटली बदलण्याआधी पुन्हा दोन्ही बीपी, नाडी, तळपाय आणि लघवी, आणि मगच पुढच्या वेगाचं विचारायला फोन.